निळ्या कूपेतलं ठिगळ

मेरिन नानकर्विसने निळ्या कूपे गाडीचा डॅशबोर्ड उतरवून मागच्या सीटवर आडवा ठेवला, पायाखालचा गालिचा गुंडाळला आणि टॉर्च घेऊन ती उताणी होऊन गाडीच्या पोटात शिरली. बाहेर फेब्रुवारीचं बेचाळीस अंशांचं ऊन होतं. वर्कशॉपचा पत्रा मधूनच कडकड वाजत होता. अशा दिवसांतच लोकांना गाडीतल्या थंड हवेची आठवण होते, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कडीना गावाच्या आसपास ते काम करणारी ती एकटीच होती.

गाडी चौऱ्याहत्तर सालची. निळी, दोन दारांची, लांब नाकाची. अशा गाडीला एसी बसवायचा म्हणजे इंजिनाला कॉम्प्रेसर जोडायचा, आत पायांच्या वर थंड कॉइलची पेटी लावायची आणि दोन्हींच्या मधून नळ्या न्यायच्या. इंजिन आणि बैठक यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते. तिला भोक पाडल्याशिवाय नळ्या जात नाहीत. भोक पाडण्याआधी पत्रा बोटाच्या पेरांनी वाजवून बघायची मेरिनला सवय होती. वडिलांनीच, आयव्हरने, लावलेली.

पत्रा सगळीकडे टणटण वाजला. एका जागी मात्र बद्द वाजला.

तिने पुन्हा वाजवून पाहिलं. बद्दच.

मग तिने पातं घेऊन वरचा काळा लेप खरवडला. लेपाखाली शिसं होतं, शिशाखाली टीचभर लांबीचं पत्र्याचं ठिगळ, आणि ठिगळाच्या चार बाजूंना बोल्टची चार भोकं, तीही बुजवलेली. सगळं इतकं सफाईने की वरून बोट फिरवलं तरी समजू नये. कारखान्यातून एसी बसवून आलेल्या गाडीलाच त्या ठिकाणी असं लांबट भोक असतं. बिनएसीच्या गाडीला तिथे सलग पत्रा असतो.

आणि ही गाडी बिनएसीची होती. साऱ्या गावाला ठाऊक होतं ते. गाडी हॉवर्ड गोल्डस्वर्दीची. आठवडाभर धान्याचा व्यापार आणि रविवारी तीन गावांच्या चर्चमध्ये पाळीने उपदेश, अशी त्याने चाळीसएक वर्षं काढली. लग्न केलं नाही, दारूला शिवला नाही. एक गाडीची तेवढी हौस केली. नोव्हेंबरात तो गेला तेव्हा त्याचा धाकटा भाऊ लायल शवपेटीपाशी उभा राहून म्हणाला होता, “शेतात माणसं उन्हात उभी असताना आपण गार हवेत बसून त्यांना देवाचं सांगायला जायचं हे हॉवर्डला पटलं नाही. म्हणून त्याने गाडी मागवतानाच एसी नको म्हणून सांगितलं.” मेरिन तिसऱ्या बाकावर होती. तिच्याही डोळ्यांत तेव्हा पाणी आलं होतं.

गाडी आता लायलची झाली होती. तो बहात्तरचा. भावाइतकं ऊन आपल्याला सोसत नाही म्हणून त्याने, जरा शरमतच, ती मेरिनकडे आणून लावली होती.

मेरिनने टॉर्च ठिगळाजवळ नेला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. वेल्डिंगची रेघ डावीकडून उजवीकडे गेली होती, म्हणजे काम डावखुऱ्याचं. प्रत्येक कोपऱ्यावर ती किंचित मागे वळून एका टिंबात संपत होती. ते टिंब मेरिन झोपेतही ओळखेल. चौदाव्या वर्षी तिला वेल्डिंग शिकवताना वडील म्हणाले होते, “कोपरा सोडताना मागे वळून बघ.” ते स्वतः डावखुरे, आणि अक्षरशः तसंच करायचे.

बाहेरच्या पाटीवर अजूनही ‘नानकर्विस आणि कन्या’ असंच लिहिलेलं होतं.

गाडीच्या भिंतीतलं भोक एवढ्या मेहनतीने कोण लपवतो? ज्याला ते दिसायला नको असतं तो. आणि दिसायला कधी नको असतं? गाडीचे कागद एक सांगतात आणि पत्रा दुसरंच सांगतो, तेव्हा. अ‍ॅडलेडमध्ये असे धंदे चालायचे हे तिने ऐकलं होतं. ठोकलेल्या गाडीचे नंबर काढून चोरीच्या गाडीला लावायचे आणि तीच गाडी म्हणून परत द्यायची.

ठिगळ तसंच झाकून टाकावं, दोन बोटं बाजूला नवं भोक पाडावं, कुणाला काही कळायचं नाही, असंही क्षणभर तिच्या मनात आलं. तेवढ्यात तिला स्वतःचीच भीती वाटली. तिने हात पुसले आणि लायलला फोन केला.

लायल रुंद काठाची टोपी घालून आला. पाचवीत तो मेरिनचा शिक्षक होता. ती त्याला अजून सरच म्हणायची. गुडघे धरत तो दारापाशी वाकला.

“हे काय आहे?”

“एसीचं भोक. बुजवलेलं.”

“हॉवर्डच्या गाडीला एसी नव्हता.”

“ते मला माहीत आहे, सर.”

“मग भोक कुठून आलं?”

“तेच विचारायला तुम्हाला बोलावलं.”

लायलने टोपी काढून कपाळ पुसलं. वर्गात कुणीतरी खोटं बोलतंय असं वाटलं की तो असाच आधी गप्प व्हायचा.

“एक्याऐंशी साली हॉवर्डच्या गाडीला कांगारू धडकला होता. आठवतं तुला?”

“मी तेरा वर्षांची होते.”

“गाडी सहा आठवडे तुझ्या वडिलांकडे होती. एका कांगारूपायी सहा आठवडे.”

“दिवे मेलबर्नहून यायचे होते.”

“म्हणजे आठवतंय. त्याच्याआधी आणि नंतर या गाडीला दुसऱ्या कुणी कधी हात लावला? साधं तेल बदलायचं तरी आयव्हरच. आणि तेही मागच्या शेडमध्ये, पडदा ओढून. मी एकदा आत डोकावलो तर मला म्हणाला, चहा पिऊन या.”

पडदा मेरिनलाही आठवत होता.

“सर, माझे वडील वीस वर्षं चर्चमध्ये दानाची थैली फिरवत होते.”

“येशूला विकणाऱ्या यहूदाकडेही थैलीच होती,” लायल हळू आवाजात म्हणाला. मग आपण काय बोललो ते बहुधा त्याचं त्यालाच लागलं, कारण पुढचं तो गाडीकडे बघून बोलला. “ही माझ्या भावाची गाडी आहे असं मला वाटत नाही. सोमवारी चोरीच्या गाड्या तपासणारी माणसं अ‍ॅडलेडहून बोलावतो. तोवर कशाला हात लावू नकोस.”

हा बुधवार होता. शुक्रवारी सकाळी क्लेम रोवेट आपल्या पिकअपच्या एसीत गॅस भरून घ्यायला आला. तो लायलबरोबर बोलिंग क्लबात खेळायचा. किल्ली मेरिनच्या हातावर ठेवताना त्याने ती मध्येच मागे ओढली.

“काय गं मेरिन, माझी गाडी मला माझीच परत मिळेल ना?”

तो हसला. तीही हसली, कारण न हसण्याने भलतंच दिसलं असतं. तो गेल्यावर तिने किल्ली हुकाला लावली आणि काम तसंच सोडून ती वॉलरूचा रस्ता धरून निघाली.

आयव्हर नानकर्विस शहाऐंशी वर्षांचा होता आणि वॉलरूला समुद्रासमोरच्या वृद्धाश्रमात राहत होता. खिडकीतून धक्का दिसायचा, धान्याची जहाजं दिसायची. मेरिनने चहा ओतला, आणलेली पास्टी, बटाटा आणि मांस भरलेली मोठी करंजी, त्याच्यासाठी कापली आणि ती समोर बसली.

“डॅड, हॉवर्डच्या गाडीच्या भिंतीला ठिगळ आहे.”

आयव्हरने चहात बिस्कीट बुडवलं. जरा जास्तच वेळ बुडवलं. अर्धं कपात पडलं.

“जुन्या गाड्यांना असतात ठिगळं.”

“तुझ्या हातचं आहे.”

“मग पक्कं असेल.”

“थट्टा नकोय मला. ते कशासाठी केलंस?”

“सांगता यायचं नाही.”

“यायचं नाही की सांगायचं नाही?”

“शब्द दिलाय मी.”

“कुणाला?”

“ते सांगितलं तर शब्द कसला राहिला?” चमच्याने तो बिस्किटाचा लगदा काढू लागला.

मेरिनने त्याला सगळं सांगितलं. लायल काय म्हणाला, क्लेम काय म्हणाला, सोमवारी कोण येणार. आयव्हर ऐकत राहिला. तिला वाटलं होतं तो चिडेल. निरपराध माणूस चिडतो. हा चिडला नाही. नुसता धक्क्याकडे बघत राहिला आणि तेच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

“ती गाडी चोरीची आहे का?” तिने शेवटी विचारलं.

“तुला तसं वाटतं?”

“मला काय वाटतं तेच मला कळेनासं झालंय.”

“येऊ देत त्यांना,” आयव्हर म्हणाला. “देवाला ठाऊक आहे.”

“देव पाटी रंगवायला येणार नाही, डॅड. लोकांनी गाड्या आणायच्या बंद केल्या तर मी काय करू? आणि ते राहू दे. मी तुझ्याविषयी काय समजू?”

परत येताना तिच्या डोक्यात एकेक गोष्ट उलटी होऊन बसत होती. पडदा, सहा आठवडे, हॉवर्ड आला की वडिलांचं घाईने बाहेर जाणं, दोघांचं भिंतीआड हलक्या आवाजात बोलणं. लहानपणी ती मैत्री वाटायची. तीच माणसं, तीच शेड, पण आता प्रत्येक आठवणीच्या मागे कुणीतरी काहीतरी लपवत असल्यासारखं दिसत होतं. घरी पोचल्यावर ती रोजच्यासारखी प्रार्थनेला बसली. पण वडिलांचं नाव घ्यायची वेळ आली तशी तिची जीभ अडली.

शनिवारी सकाळी सातला आयव्हरचाच फोन आला. “मला घरी ने. शेडमध्ये काम आहे.”

गाडीत तो काही बोलला नाही. वॉलरू मागे पडल्यावर म्हणाला, “दुसऱ्याचं गुपित मला सांगता येत नाही. पण माझं पाप माझं आहे. ते सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. कालपासून हेच ठरवतोय.”

मेरिनने गाडीचा वेग कमी केला.

“मी एकदा एका माणसाला सांगितलं की तुझी वस्तू वॉलरूच्या धक्क्यावरून समुद्रात टाकली. त्याने विचारलं, टाकलीस? मी म्हटलं, टाकली. टाकली नव्हती.”

“कसली वस्तू?”

“शेडमध्ये चल.”

मागच्या शेडमध्ये बाकाखाली, जुन्या बॅटऱ्यांच्या मागे गोणपाटात बांधलेलं काहीतरी होतं. मेरिनने ओढून काढलं, दोरी कापली. आत काळी पेटी, तिच्यात कॉइल, पाठीला लांबट तोंड आणि तोंडाच्या भोवती चार बोल्ट. तीन पुरे, एक तुटका. तोंडाच्या कडेला निळ्या रंगाचा पुसट पट्टा लागलेला.

“कोरी होती,” आयव्हर म्हणाला. “दहा दिवसही वापरलेली नाही. तुझी आई त्या वर्षी उन्हाने दोनदा चक्कर येऊन पडली होती. एवढी चांगली वस्तू मीठपाण्यात टाकायची? मी ती तिच्या स्टेशन वॅगनला बसवली. पुढे ती भंगारात दिली तेव्हा पेटी काढून घेतली. तेव्हाही टाकवली नाही.”

मेरिन पेटीकडे बघत खाली बसली. आईची ती वॅगन. भर जानेवारीत आतमध्ये आईचे हात गार असायचे. पण रविवारी चर्चला जाताना धान्याच्या कोठारांपाशी आलं की आई म्हणायची, चला, काचा खाली. का, असं विचारलं तर म्हणायची, वारा बरा असतो. मग सगळे घामाने थबथबून चर्चमध्ये शिरायचे आणि दारात हॉवर्ड गोल्डस्वर्दी, तोही तसाच थबथबलेला, हात मिळवायला उभा असायचा.

“आईला माहीत होतं?”

“वॅगनचं माहीत होतं. पेटी कुठून आली ते नाही. मी म्हटलं, चर्चपाशी काचा वर नकोत. तिने विचारलं नाही.” त्याने पेटीवरची धूळ बोटाने पुसली. “तो माणूस मला भाऊ म्हणायचा, मेरिन. आणि मी दर रविवारी त्याच्या हातात हात देत होतो. पडदा लावायचो तो त्याच्यासाठी लावायचो असं मी स्वतःला सांगायचो. निम्मा माझ्यासाठी होता. ठिगळ दिसलं की पेटीची गोष्ट निघणार.”

त्याने कुणाचं गुपित फोडलं नव्हतं. हॉवर्डने काय सांगितलं, का सांगितलं, एक अक्षर नाही. तरी सगळं समोर पडलं होतं. मेरिनने त्याचा हात धरला आणि त्याला उठवलं.

दुपारी लायल वर्कशॉपमध्ये आला. आयव्हरला मेरिनने परत पोचवलं होतं. ही गोष्ट तिला एकटीने करायची होती.

“माझ्या वडिलांनी ही पेटी या गाडीतून काढली,” ती म्हणाली. “गाडी नवी असताना. मालकाने सांगितलं म्हणून.”

“असं आयव्हर म्हणतो?”

“मालकाचं नाव त्यांनी घेतलेलं नाही. घेणारही नाहीत. हे माझं म्हणणं आहे.”

“मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं.” लायलने पेटीला बोटही लावलं नाही. “ही कुठल्याही गाडीची असेल. निळ्या गाड्या काय एकच होती?”

“बघा तुम्ही.”

ती पेटी घेऊन आत शिरली आणि तिने ती भिंतीला लावली. तीन बोल्ट बुजवलेल्या तीन खुणांवर बरोबर टेकले. चौथा तुटका. मेरिनने चौथ्या खुणेतलं शिसं टोकदार पात्याने कोरायला घेतलं. लायल दाराशी उकिडवा बसून बघत होता. शिसं निघालं तसा आत लोखंडाचा ठिपका दिसला. पत्र्यातच मोडून राहिलेलं टोक. तिने ते पकडीने हळूहळू फिरवत बाहेर काढलं आणि काही न बोलता लायलच्या तळहातावर ठेवलं. मग पेटी त्याच्या पुढ्यात धरली.

त्याने चष्मा वर केला. टोक तुटक्या बोल्टला लावलं, फिरवलं, पुन्हा लावलं. दोन्हींचे दाते एकमेकांत बसले आणि फट दिसेनाशी झाली. त्याने ते काढून पुन्हा बसवून पाहिलं. तिसऱ्यांदाही.

“अ‍ॅडलेडहून आणल्यावर दहा दिवस गाडी झाकून ठेवली होती त्याने,” तो म्हणाला. “मला बसूही दिलं नाही. रंग वाळतोय म्हणाला.”

मेरिनने पकड बाजूला ठेवली.

“मी त्याच्या शवपेटीपाशी उभा राहून ते सगळं बोललो. सगळ्या गावापुढे.”

“तुम्हाला जे माहीत होतं ते तुम्ही बोललात, सर.”

“आणि त्याने ते चाळीस वर्षं ऐकून घेतलं. कुणी म्हटलं ना, की हॉवर्डने एसी नको म्हणून सांगितलं, तर तो हसायचा. खोटं एकदाही बोलला नाही बघ. नुसता हसायचा.” लायलने चष्मा काढला. “लाज वाटली म्हणून काढला असेल? की लोकांनी वाखाणावं म्हणून?”

“मला नाही सांगता येणार.”

“आयव्हरला माहीत असेल.”

“असेलही. पण तुम्ही विचारू नका. ते सांगणार नाहीत आणि तुम्हाला पुन्हा संशय येईल.”

लायल गाडीच्या उंबऱ्यावर बसला. एकदम थकल्यासारखा दिसत होता.

“हे आपल्या दोघांतच राहू दे, मेरिन. मला शब्द दे.”

तिला ही मागणी ओळखीची वाटली. अशाच उन्हात, अशाच शेडमध्ये, कुणीतरी तिच्या वडिलांकडे हेच मागितलं असणार, आणि भिडेखातर त्यांनी ते दिलं असणार.

“मी होऊन कुणाला सांगणार नाही,” ती शांतपणे म्हणाली. “पण शब्द देत नाही. तुम्ही बोलिंग क्लबात बसून माझ्या वडिलांना चोर म्हणालात. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला. ते तुम्ही परत घ्या. कसं घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.”

“हॉवर्डचं नाव न काढता कसं घेऊ?”

“डॅडने तुमच्या भावाचं नाव न काढता बरंच काही सोसलं, सर.”

लायलने खिशातून फोन काढला, नंबर शोधला, ठेवला, पुन्हा काढला. मेरिनने पेटी गोणपाटावर ठेवली आणि ती बाकावरच्या नळ्या मोजून कापायला लागली, पाठ त्याच्याकडे करून.

“क्लेम? मी लायल. परवा मी आयव्हरबद्दल बोललो ते चूक होतं. साफ चूक. त्याचा काही दोष नाही. ज्यांना ज्यांना तू सांगितलं असशील त्यांना हेही सांग.”

क्लेमचा आवाज मोठा होता. फोनबाहेर स्पष्ट ऐकू येत होता. “बरं. मग ते भोक कुणाचं?”

लायलने हातातल्या बोल्टच्या टोकाकडे पाहिलं.

“लायल? ऐकतोयस ना?”

“कारखान्याचं.”

“म्हणजे गाडीला एसी होता?”

मेरिनच्या हातातली कात्री थांबली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

“होता,” लायल म्हणाला. “हॉवर्डने तो काढायला लावला. गाडी नवी असतानाच. आयव्हरने त्याचं गुपित सांभाळलं आणि मी त्यालाच चोर ठरवलं.”

मग क्लेम म्हणाला, “म्हणजे आमच्याकडे घामाघूम होऊन यायचा, माझी आई त्याला टॉवेल द्यायची, ते सगळं...”

“घाम खराच होता, क्लेम,” लायल म्हणाला. “तेवढा खरा होता.”

फोन बंद करून तो उठला, टोपी घातली, बोल्टचं तुटकं टोक खिशात टाकलं.

“सोमवारी कुणी येणार नाही. मी त्यांना कळवतो.”

“बरं, सर.”

दारापर्यंत जाऊन तो थांबला. “आयव्हर दुपारी झोपतो का गं?”

“चारला उठतात.”

लायलने घड्याळ पाहिलं. तीन वाजत होते. “मग मी जाऊन बाहेर बसतो,” तो म्हणाला, आणि उन्हात आपल्या गाडीकडे चालू लागला.